ऑनलाइन किंमत चुकून कमी लागली आणि ऑर्डर रद्द झाली, तर ग्राहकाने काय करावं?

बत्तीस हजारांचा फ्रिज ॲपवर ३,२०० रुपयांना दिसतो. पैसे भरले जातात, ‘ऑर्डर कन्फर्म’ असा मेसेज येतो आणि दोन-तीन तासांनी दुसरा मेसेज येतो की तांत्रिक कारणामुळे ऑर्डर रद्द केली असून पैसे पाच ते सात दिवसांत परत मिळतील. यावर लोकांची दोन ठाम मतं असतात. काहींच्या मते कंपनीने किंमत दाखवली म्हणजे त्या किमतीत वस्तू द्यायलाच हवी. बाकीचे म्हणतात, पैसे परत मिळाले ना, मग विषय संपला. दोन्ही मतं अर्धवट आहेत.

भारतीय कायद्यात या प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. सौदा नेमका कधी पक्का झाला, ही पहिली. आणि त्या वेळी ती किंमत एखाद्या सरळ माणसाला खरी वाटेल अशी होती का, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं तुमच्या बाजूने असतील तर नुसत्या परताव्यावर गप्प बसण्याचं कारण नाही. ती सिद्ध करायला पुरावा मात्र तुमच्याकडेच हवा, आणि तो पहिल्या काही तासांतच गोळा होतो. नंतर पान बदललेलं असतं.

सगळ्यात आधी: दुकान खरं आहे का?

अविश्वसनीय किमतीमागे चुकीपेक्षा फसवणूक असण्याची शक्यता जास्त असते. नामांकित दुकानाच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून बनावट संकेतस्थळं उभी केली जातात आणि त्यांच्या जाहिराती समाजमाध्यमांवर फिरतात. पत्ता नीट वाचा. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानावर आहे का, हे पाहा. पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर मागितले जात असतील तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर हा विषय ग्राहक आयोगाचा (जुन्या नावाने ग्राहक मंचाचा) राहत नाही. त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा, कारण अशा प्रकरणात पैसे पुढे वळते व्हायच्या आत गोठवले गेले तरच हाती लागतात.

पुढचं सगळं खऱ्या दुकानांबद्दल आहे.

सौदा कोणत्या टप्प्यावर आहे?

वस्तू फक्त पाहिली किंवा कार्टमध्ये टाकली असेल तर हक्क निर्माण होत नाही. किंमत लावून वस्तू मांडणं म्हणजे ग्राहकाला खरेदीचं निमंत्रण देणं, असं करार कायदा मानतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मडिकेरीच्या एका बंगल्याच्या वादात हेच तत्त्व धरलं. मालकाने ‘दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही’ असं कळवलं होतं आणि खरेदीदाराने ते मान्य असल्याचं सांगितलं. तरीही नुसती किंमत सांगितल्याने करार होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे चेकआउटच्या आधीच किंमत दुरुस्त झाली तर हळहळण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही.

पैसे भरले, ते कंपनीने घेतले आणि ऑर्डर पक्की झाल्याचा ईमेल आला, की खरा वादाचा टप्पा सुरू होतो. बहुतेक मोठ्या संकेतस्थळांच्या अटींमध्ये एक वाक्य असतं. ऑर्डरचा ईमेल ही फक्त पोच आहे आणि करार माल पाठवल्यावरच होतो, असा त्याचा आशय असतो. कंपनीचा वकील सगळ्यात आधी याच वाक्यावर बोट ठेवतो. तुमच्या बाजूचा मुद्दा असा की तुम्ही प्रस्ताव दिला, त्यांनी पूर्ण रक्कम स्वीकारली आणि ‘कन्फर्म’ असं लेखी कळवलं. सामान्य ग्राहक याचा अर्थ सौदा झाला असाच घेतो. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २२ सांगतं की केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. दोन्ही पक्षांची एकाच महत्त्वाच्या गोष्टीबाबत चूक असेल, तरच कलम २० लागू होऊन करार निरर्थक ठरतो.

माल पाठवल्याचा मेसेज आला असेल तर तुमची बाजू फारच भक्कम होते, कारण कंपनीच्या स्वतःच्या अटींप्रमाणेही करार झालेला असतो. वाटेतून माल माघारी बोलावला गेला तर ट्रॅकिंगचं पान लगेच जपून ठेवा.

माल घरी आला आणि पैसे दिलेले असले की सौदा पुरा झाला. नंतर फोन करून उरलेली रक्कम मागणं किंवा वस्तू परत मागणं कंपनीला सहजासहजी जमत नाही. मात्र एक ऑर्डर दिली आणि दोन डबे आले, किंवा भलतीच महागडी वस्तू आली, तर गोष्ट वेगळी. चुकून मिळालेली वस्तू परत करायची जबाबदारी करार कायद्याचं कलम ७२ घेणाऱ्यावर टाकतं. तिथे ‘आली ती माझी’ म्हणता येत नाही.

किंमत खरी वाटण्यासारखी होती का?

या प्रश्नावर प्रकरण जिंकतं किंवा हरतं, म्हणून इथे दोन निकाल सविस्तर सांगतो.

पहिला ओडिशाचा. डिसेंबर २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याला ॲमेझॉनवर लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याची किंमत २३,४९९ रुपये होती. ऑर्डर स्वीकारल्याचं त्याला कळवण्यात आलं आणि काही तासांत ती रद्द झाली. जिल्हा मंचाने त्याला भरपाई दिली, पण ती कमी वाटल्याने तो राज्य आयोगात गेला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य आयोगाने एकूण ४५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. त्यात मानसिक त्रासाचे ३०,०००, दंडात्मक भरपाईचे १०,००० आणि खर्चाचे ५,००० होते. ऑफर जाहीर केली, ऑर्डर घेतली आणि ती निश्चित केली म्हणजे करार पूर्ण झाला, असं आयोगाचं म्हणणं होतं. या निकालातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. आयोगाने १९० रुपयांत लॅपटॉप द्यायला लावला नाही, भरपाई दिली. आणि डिसेंबर २०१४ च्या ऑर्डरवर राज्य आयोगाचा निकाल यायला सहा वर्षं गेली.

दुसरा निकाल सिंगापूरचा. तो भारतातल्या आयोगांवर बंधनकारक नाही, पण त्यातलं तर्कशास्त्र आपल्याकडचे वकीलही वापरतात. जानेवारी २००३ मध्ये डिजिलँडमॉल या संकेतस्थळावर ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला लागला. एका कर्मचाऱ्याने प्रशिक्षणादरम्यान भरलेला आकडा खऱ्या पानावर गेला होता. काही तासांत ७८४ लोकांनी ४,०८६ प्रिंटर मागवले. त्यातल्या सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले होते आणि तेच न्यायालयात गेले. ते हरले. त्यांना ही चूक आहे हे ठाऊक होतं, असं न्यायालयाने ठरवलं, आणि त्यासाठी आधार धरला मध्यरात्रीनंतर मित्रामित्रांत झालेल्या चॅटचा. २००५ मध्ये अपिलातही हाच निकाल टिकला.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लवकर घ्या रे, सेलरची चूक झालीय, आत्ता बंद होईल’ असं लिहिणारे आपल्याकडे ढिगाने आहेत. तो एक मेसेज तुमची अख्खी तक्रार पाडू शकतो. चूक आहे हे माहीत असूनही फायदा उचलला, एवढं समोरच्याने दाखवलं की सहानुभूती संपते. कलम २२ चा आधारही लंगडा पडतो, कारण करारासाठी दोघांची एकाच गोष्टीला एकाच अर्थाने संमती लागते, असं त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं.

मग खरी वाटण्यासारखी किंमत ओळखायची कशी? १,९९९ रुपयांचा शर्ट ३९९ ला मिळणं ही रोजची गोष्ट आहे. ४,९९९ रुपयांचा मिक्सर सणाच्या सेलमध्ये १,४९९ ला दिसला, पानावर ‘७० टक्के सूट, मर्यादित वेळ’ अशी पट्टी असली आणि त्याच सेलमध्ये इतर वस्तूंवरही तशीच सूट असली, तर ग्राहकाने ती खरी मानली यात गैर काही नाही. तीन हजारांचा फ्रिज, शंभर रुपयांचा मोबाइल, एक शून्य गळालेलं विमानाचं तिकीट यांचं तसं नाही. ग्राहकाने एकच नग घेतला की वीस, घरासाठी घेतला की विकायला, यालाही वजन असतं. विकण्यासाठी घेतलेल्या मालाच्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला ‘ग्राहक’ मानतच नाही. कलम २(७) मध्ये हे स्पष्ट आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं की गरज असेल तितकंच मागवा. लोभापायी दहा नग मागवणारा स्वतःचा दावा स्वतःच बुडवतो.

पहिल्या काही तासांत करायची कामं

ऑर्डर पक्की झाल्यावर किंमत संशयास्पद वाटली, किंवा रद्द झाल्याचा मेसेज आला, की हे लगेच करा.

वस्तूच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या. त्यात वस्तूचं नाव, मॉडेल, एमआरपी, सूट, विक्री किंमत, विक्रेत्याचं नाव आणि फोनच्या वरच्या पट्टीवरची वेळ दिसायला हवी. संगणकावर असाल तर ब्राउझरमधला पत्ताही चित्रात येऊ द्या. जमलं तर ॲप उघडण्यापासून ऑर्डरच्या पानापर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. कापलेल्या स्क्रीनशॉटवर शंका घेणं सोपं असतं, सलग रेकॉर्डिंगवर अवघड. सेलचा बॅनर आणि त्याच विक्रेत्याच्या इतर वस्तूंच्या किमतीही टिपून ठेवा. किंमत खरी वाटण्यासारखी होती, हे पुढे त्यावरूनच दाखवता येतं.

ऑर्डरचा ईमेल, एसएमएस, यूपीआयचा यूटीआर (म्हणजे व्यवहाराचा) क्रमांक किंवा कार्डचं स्टेटमेंट आणि रद्द झाल्याचा मेसेज, यातलं काहीही डिलीट करू नका. ॲपमधली ऑर्डर कधीकधी यादीतून गायब होते, म्हणून तिचंही चित्र घ्या. ज्या फोनवर हे सगळं आहे तो फोन बदलू नका किंवा रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात पुरावा कोणत्या उपकरणातून काढला हे लिहायचं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑर्डर स्वतः रद्द करू नका.

कस्टमर केअरच्या चॅटवर हा प्रकार हमखास होतो. ‘सर, सिस्टममध्ये एरर आहे, तुमच्या बाजूने कॅन्सल केलंत तर रिफंड लवकर मिळेल,’ असं गोड आवाजात सांगितलं जातं. तुम्ही बटण दाबलंत की नोंद होते ‘ग्राहकाने रद्द केली’, आणि एकतर्फी रद्द केल्याची तक्रार तिथेच संपते. उत्तर एका ओळीचं द्या: ‘मी रद्द करणार नाही. तुम्ही रद्द करत असाल तर कारण लेखी कळवा.’ डिलिव्हरीवाल्याच्या नावाने फोन आला आणि ओटीपी मागितला, तर वस्तू हातात नसताना तो देऊ नका. काही ओटीपी ऑर्डर रद्द करण्याचेच असतात. ‘डिलिव्हरीला गेलो, ग्राहकाने नाकारली’ असं खोटं स्टेटस दिसलं तर त्याच दिवशी चॅटवर लेखी हरकत नोंदवा आणि चॅटची प्रत ईमेलवर मागून घ्या.

परतावा आणि कूपन

कंपनीने पैसे आपोआप परत केले म्हणून तुमचा हक्क जात नाही. परतावा मूळ मार्गानेच, म्हणजे ज्या खात्यातून किंवा कार्डातून पैसे गेले तिथेच यायला हवा. तुमच्या संमतीशिवाय तो ॲपच्या वॉलेटमध्ये टाकता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा पेमेंट ॲग्रिगेटरसाठीचा, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठीचा नियम आहे. परतावा आला की कंपनीला एक ओळ लिहा: ‘रक्कम मिळाली, ती मी माझे इतर हक्क राखून स्वीकारत आहे.’

कूपनच्या बाबतीत सावध राहा. २००-५०० रुपयांचं कूपन देताना ‘हा विषय पूर्णपणे मिटला आहे’ असं मान्य करून घेतलं जातं. नुकसान किरकोळ असेल तर ते घेऊन मोकळं होण्यात कमीपणा नाही. खरंच लढायचं असेल तर कूपन वापरू नका.

कंपनीला लिहायचं ते कोणाला आणि कसं

कस्टमर केअरचा चॅट म्हणजे तक्रार नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करावा लागतो. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ते सापडतं. नियम ४(५) प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निवारायची असते. परदेशी कंपनी भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकत असेल तर हे नियम तिलाही लागू आहेत.

मजकूर साधा ठेवा. मिक्सरच्या उदाहरणावर तो असा होईल:

‘विषय: ऑर्डर क्र. ____ एकतर्फी रद्द केल्याबाबत तक्रार.

मी दि. ____ रोजी ____ वाजता तुमच्या ॲपवरून मिक्सर, मॉडेल ____, तुम्ही जाहीर केलेल्या १,४९९ रुपये किमतीत घरगुती वापरासाठी घेतला. नग एक. पूर्ण रक्कम यूपीआयने दिली, यूटीआर क्र. ____. ऑर्डर निश्चित झाल्याचा ईमेल ____ वाजता मिळाला. दि. ____ रोजी “तांत्रिक चूक” एवढंच कारण देऊन तुम्ही ऑर्डर रद्द केली. मी ती रद्द केलेली नाही आणि रद्द करण्यास संमतीही दिलेली नाही.

माझी मागणी अशी: १) ठरलेल्या किमतीत तीच वस्तू १५ दिवसांत द्यावी. २) ते शक्य नसल्यास पूर्ण परतावा आणि तीच वस्तू बाजारातून घेताना पडणाऱ्या फरकाची रक्कम द्यावी. ३) या किमतीत एकूण किती ऑर्डर घेतल्या, किती पूर्ण केल्या आणि चूक केव्हा लक्षात आली, हे लेखी कळवावं. ४) विक्रेत्याचं नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल कळवावा.’

तिसरी मागणी अनेकांना सुचत नाही, पण तिच्यात ताकद आहे. काही ऑर्डर पूर्ण केल्या आणि बाकी रद्द केल्या, असं निघालं तर ‘चूक’ हा बचाव ढासळतो. उत्तर दिलं नाही तर तेही आयोगासमोर दाखवता येतं. चौथी मागणी नियम ५ वर आधारलेली आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास मार्केटप्लेसने, म्हणजे इतर विक्रेत्यांना जागा देणाऱ्या ॲपने, विक्रेत्याची माहिती द्यायलाच हवी. बहुतेक ॲप ‘आम्ही फक्त मंच आहोत, विकणारा दुसरा’ म्हणून हात झटकतात, त्यामुळे पुढे दोघांनाही प्रतिवादी करावं लागतं.

आणखी एक हत्यार नियम ४(८) मध्ये आहे. ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्यावर कंपनी शुल्क घेत असेल, तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसायला हवं. तुम्ही ज्या सेवेविरुद्ध तक्रार करताय ती रद्द करण्याचे पैसे कापत असेल, जसं हॉटेल आणि प्रवासाच्या बुकिंगमध्ये सर्रास होतं, तर हा नियम नाव घेऊन लिहा.

चूक नसून आमिष असेल तर

दर सेलला तोच खेळ चालतो. किंमत खाली दिसते, हजारोंच्या ऑर्डर येतात, ॲप डाउनलोड होतात आणि मग सगळ्या रद्द. याला चूक म्हणायला मी तयार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. त्या किमतीत विकण्याचा हेतूच नसताना, किंवा वाजवी संख्येने आणि वाजवी काळ विकायचं नसताना स्वस्त किमतीची जाहिरात करणं, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातींवर अटी आहेत. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नबाबतच्या, म्हणजे ॲपच्या मांडणीतून ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांबाबतच्या तत्त्वांत १३ प्रकार सांगितलेत. एक वस्तू दाखवून दुसरी गळ्यात मारणं, शेवटच्या पानावर किंमत फुगवणं आणि खोटी घाई लावणं हे त्यातलेच.

अशा वेळी एकट्याची तक्रार पुरत नाही. कलम १७ प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक तक्रार करता येते. तुमच्यासारखे आणखी लोक सापडले तर सगळ्यांचे ऑर्डर क्रमांक आणि वेळा एका तक्त्यात मांडून एकत्र पाठवा. प्राधिकरण तुम्हाला व्यक्तिगत भरपाई देत नाही, ते कंपनीवर कारवाई करतं. भरपाईसाठी आयोगातच जावं लागतं.

१९१५

आयोगाच्या आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन वापरून पाहा. क्रमांक १९१५, फोन मराठीतही चालतो. व्हॉट्सॲपवर ८८००००१९१५ आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या असल्याने तक्रार थेट त्यांच्या वरच्या टेबलावर जाते. चॅटवर आठवडाभर दाद न देणारी कंपनी इथून विचारणा झाली की बोलायला लागते, असं पुष्कळदा दिसतं. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार मात्र नाही. तक्रारीच्या नोंदीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवा, पुढच्या तक्रारीत तो लावायचा आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्तेही तक्रार लिहायला मदत करतात.

जिल्हा आयोगात तक्रार

महिना उलटला, दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक अजून त्याला ग्राहक मंचच म्हणतात. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाची मोठी सोय केली आहे. कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो की गुरुग्राममध्ये, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. सोलापूरच्या माणसाला सोलापुरातच.

आयोगाची हद्द दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे तुम्ही भरलेल्या रकमेवर ठरते, वस्तूच्या खऱ्या किमतीवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आपल्या मिक्सरच्या प्रकरणात मोबदला १,४९९ रुपये, त्यामुळे एक रुपयाही भरायचा नाही. ऑनलाइन दाखल करायला आता ई-जागृती हे पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही, महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत मराठी चालते आणि व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.

तक्रारीत घटना तारखेनुसार लिहा, पुराव्यांना क्रमांक द्या, शपथपत्र आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. आधार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा यांचा घ्या. कंपनीच्या अटी ‘अन्याय्य करार’ आहेत, अशी वेगळी मागणी जिल्हा आयोगात करू नका. ते अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे आहेत, आणि या एका मुद्द्यावर तुमचं प्रकरण महिनोन्‌महिने अडकू शकतं.

मागायचं किती? करार मोडल्यावर भरपाईचं मोजमाप करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. ठरलेली किंमत आणि तीच वस्तू बाजारात घ्यायला लागलेली किंमत यांतला फरक. १,४९९ चा मिक्सर रद्द झाल्यावर तुम्ही तोच मिक्सर दुकानातून ४,६०० ला घेतला असेल, तर फरक ३,१०१ रुपये. दुकानाचं बिल जोडा. त्यावर मानसिक त्रास आणि खर्चाची माफक रक्कम मागा. मिक्सरसाठी पाच लाख मागणारी तक्रार वाचतानाच हलकी वाटते. वारंवार हेच करणाऱ्या कंपनीविरुद्ध दंडात्मक भरपाईही मागता येते, पण त्यासाठी वारंवारतेचा पुरावा द्यावा लागतो.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. कंपनी उशीर करत असेल तर हा मुद्दा अर्जाने मांडा. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवा. मध्येच आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाकारण्याची घाई करू नका. अशा छोट्या रकमेच्या प्रकरणांत तिथे लवकर तडजोड होते.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल, तर तिला ४५ दिवसांत राज्य आयोगात जावं लागतं आणि आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. किरकोळ रकमेसाठी बऱ्याच कंपन्या त्यात पडत नाहीत, पण पैसेही देत नाहीत. अपिलाची मुदत संपली आणि रक्कम आली नाही, की त्याच आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली अंमलबजावणीचा अर्ज करा, सोबत कलम ७२ खालीही. या दुसऱ्या कलमात आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अर्जाला निकालाची प्रमाणित प्रत लागते, म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात तिची मागणी नोंदवून ठेवा.